काठावरचं माणूस

"इतक्या दिवसांनी आलात. आज आई नाही आल्या?" कुंदाताईंनी विचारलं.

मी रबरी टोपीत केस कोंबत होते. "गावाला गेलीय," मी म्हटलं.

"बरं झालं. जरा मोकळ्या पोहा मग. रोज काठावर पहारा असतो तुमच्यावर." कुंदाताई हसल्या, गळ्यात शिट्टी अडकवली आणि उथळ बाजूला नव्या बायकांना शिकवायला निघून गेल्या.

आईचा तेरावा आदल्या आठवड्यातच झाला होता.

खरं का सांगितलं नाही, हे तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. सांगितलं असतं तर बायका जमल्या असत्या, कसं झालं, कधी झालं, विचारलं असतं. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला असता. मला फक्त पाण्यात उतरायचं होतं. घरात त्या दिवसांत इतकी शांतता असायची की भांड्यावर झाकण ठेवलं तरी दचकायला व्हायचं. पाण्याखाली गेलं की निदान आवाज नसणं साहजिक वाटतं.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. कऱ्हाडला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम करत होते. वडील मी शाळेत असतानाच गेले होते, भावंड नव्हतं. आई शिवणकाम करायची. घरात आम्ही दोघीच. आणि आमच्या दोघींच्या मधे माझं दुखणं.

बाराव्या वर्षी मला मधुमेह निघाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, मुलांना होतो तो, ज्याला पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागतं. आई रोज पहाटे काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि मला सुई टोचायची. पुढं मी स्वतः टोचायला शिकले, पण उकळायचं काम तिनं सोडलं नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्याकडे चहा फार लवकर होतो. "आपलं आपल्यापाशी," आई म्हणायची. "पोरीची जात. एकदा बाहेर गेलं की गावभर होतं." त्या काळी आयांना जी भीती असायची, तीच तिला होती. दोन-तीन स्थळं आली, ती मीच परतवली. पण तोवर न सांगण्याची सवय इतकी मुरली होती की पुढं सांगण्याचं कारणही आठवेना आणि न सांगण्याचंही.

पोहणं मात्र डॉक्टर निगड्यांनी सांगितलं होतं. "हिला व्यायाम हवाच," ते म्हणाले होते. "फक्त पाण्यात एकटी सोडू नका. साखर उतरली तर जमिनीवर माणूस खाली बसतो. पाण्यात बसायला जागा नसते." आईनं ते एवढं मनावर घेतलं की मी तलावावर जायला लागले त्या दिवसापासून ती सोबत आली. खोल बाजूला सिमेंटचा बाक होता, त्यावर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायची. थोड्या थोड्या वेळानं हात वर करायची. मी काठाशी आले की काहीतरी फालतू विचारायची. काल भाजी कुठली केली होती? मावशीच्या धाकट्या सुनेचं नाव काय? मी पटकन उत्तर दिलं की म्हणायची, "जा." मी अडखळले किंवा उगाच चिडले, की म्हणायची, "बाहेर ये." मग पदराआड मला बाटलीतलं साखरेचं पाणी पाजायची. साखर कमी झाली की आधी माझा मेंदू मंदावतो आणि स्वभाव बिघडतो, हे तिला माझ्या आधी कळायचं.

बायका हसायच्या. एवढी मोठी बाई, आणि आई काठावर बसून भाज्यांची नावं विचारते.

त्या सकाळी मी इन्सुलिन टोचून घेतलं, नेहमीचंच. मग पोहे करायला घेतले. मूठभर पोहे चाळणीत भिजवले आणि ते इतके कमी दिसले की करावेसेच वाटेनात. शिळ्या पोळीचे दोन घास दुधाबरोबर खाल्ले आणि निघाले. आईची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला होती. ती काढायला हात धजला नाही.

पाणी छान होतं. सुरुवातीला मला खरोखर मोकळं वाटलं. कुणी थांबवणारं नव्हतं, म्हणून मी थांबलेच नाही. इकडून तिकडं, तिकडून इकडं. किती वेळ गेला कोण जाणे. हात आपोआप चालले होते. मग कधीतरी तलावाची लांबी वाढल्यासारखी वाटायला लागली. समोरची भिंत जवळ येत होती, पण मी तिथं पोचत नव्हते.

बाकावर कुणीतरी बसलं होतं. हिरवट लुगडं, मांडीवर पिशवी. मी काठाशी गेले, कठडा धरला आणि वाट बघत राहिले. ती बाई माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागली.

"विचार ना," मी म्हटलं.

"काय ओ?" ती म्हणाली. कुणाची तरी सासू असावी, सुनेची वाट बघत बसली होती.

"विचार की. थांबलेय मी."

तिनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि जरा सरकून बसली. तिचा चेहरा आईचा नव्हता, हे मला दिसत होतं. तरीही ती विचारत का नाही, याचा मला राग आला. मी परत पाण्यात वळले. आता आठवलं की अंगावर काटा येतो. वळले आणि पुन्हा मधोमध गेले.

मला वाचवलं ते शिट्टीनं. बायकांची वेळ संपली होती. मी सोडून सगळ्या बाहेर पडल्या होत्या.

"चला पोतदार, वेळ झाली," कुंदाताई ओरडल्या.

"मला कळतं," मी म्हटलं. "तुम्ही कोण मला सांगणार?"

मी कधी वर मान करून बोलत नसे. कुंदाताईंचा चेहरा पडला. त्या बाजूला झाल्या. मी शिडी धरली, एकदा हात सुटला, पुन्हा धरली. कशीबशी वर आले आणि भिंतीला हात लावत कपडे बदलायच्या खोलीत गेले.

तिथं मला टोपी काढता येईना. टोपी कुठून सुरू होते तेच समजेना. मी ओल्या फरशीवर खाली बसले. अंगावर तलावाचं पाणी होतं आणि त्यातून घाम फुटत होता. गार आणि चिकट. आजूबाजूला पाचसहा बायका केस पुसत, बोलत होत्या. कुणाच्या तरी मुलीच्या डोहाळजेवणाची गोष्ट चालली होती. त्यांचे आवाज मला भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येत होते.

काय झालंय ते मला माहीत होतं. मेंदूचा एक कोपरा तेवढा जागा होता. साखर पाहिजे, आत्ता पाहिजे, नाहीतर थोड्या वेळात मी इथंच आडवी होईन. आणि या जगात हे माहीत असलेलं माझ्याशिवाय एकही माणूस आता इथं नाही. डॉक्टर दवाखान्यात होते. आणि आई नव्हतीच.

"काय होतंय तुम्हाला?" कुणीतरी समोर वाकून विचारलं. शमीम मुजावर. काही महिन्यांपूर्वी शिकायला यायला लागली होती. पाण्याची तिला एवढी भीती की उथळ बाजूच्या काठाची लोखंडी नळी सोडायची नाही. आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं. बावीस वर्षं तेच येत होतं.

"काही नाही कसं? पांढऱ्याफटक पडलात."

मी तोंड उघडलं. शब्द मला दिसत होते, पण एकेक उचलून बाहेर ठेवावा लागत होता. "साखर," मी म्हटलं. "मला मधुमेह आहे. साखर द्या."

ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर बोलले होते.

खोलीतलं बोलणं थांबलं. पाटणकर वहिनी पुढं आल्या. मनानं चांगल्या बाई, सगळ्यांच्या दुखण्याखुपण्यात पुढं असायच्या. "अगं बाई, शुगर आहे यांना? मग साखर कसली मागताय? अजिबात देऊ नका हं कुणी. आमच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी चहासुद्धा बिनसाखरेचा सांगितलाय. पाणी पाजा, पाणी."

कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी मान हलवली. माझी जीभ जड झाली होती. साखर वाढण्याचं दुखणं आणि साखर उतरण्याची वेळ यांतला फरक सांगायला जेवढी वाक्यं लागतात, तेवढी माझ्याकडे उरली नव्हती. आईनं सांगू दिलं नाही ते एकीकडे. आणि आज सांगितलं, तर सांगितल्यामुळंच साखर मिळत नव्हती.

"द्या," मी शमीमकडे बघून म्हटलं. "मरेन."

शमीम एकदा माझ्याकडे आणि एकदा वहिनींकडे बघत होती. तिला तरी काय ठाऊक असणार? मग ती उठली.

"शमीम, उगाच अंगाशी येईल हं," वहिनी म्हणाल्या.

"मागतायत ना त्या," शमीम म्हणाली. "उगाच कोण मागेल?"

ती बाहेर गेली. हे मला नंतर कुंदाताईंनी सांगितलं. शमीम एरवी बुरखा घालून, बटणं लावून, आरशात बघून मगच दाराबाहेर पाऊल टाकायची. त्या दिवशी अंगाला चिकटलेल्या ओल्या सलवार-कमीजवर नुसता टॉवेल ओढून, अनवाणी, फाटक ओलांडून रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर गेली. तिथं सकाळची पुरुषांची गर्दी. तिनं गाड्यावरचा साखरेचा डबाच उचलला आणि परत पळत आली. चहावाला मागून हाका मारत होता.

डबा माझ्यासमोर ठेवून तिनं हातानंच साखर माझ्या तोंडात घातली. मी चावत होते, गिळत होते, खोकत होते. तांब्यातलं पाणी पीत होते. ती पुन्हा मूठ भरत होती. वहिनी डोक्याला हात लावून उभ्या होत्या.

साखर उतरते तेव्हा माणूस हळूहळू बुडतो, पण वर येताना एकेक गोष्ट परत मिळते. आधी फरशी गार लागायला लागली. मग टोपीमुळं कपाळ दुखतंय हे कळलं. मग शमीमचा चेहरा स्पष्ट झाला, तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. आणि शेवटी लाज आली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या हनुवटीला साखर चिकटली होती.

कुंदाताई आत आल्या. शमीमनं थोडक्यात सांगितलं. माझ्या उद्धट बोलण्याचं कारण त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण तरी त्या रागावलेल्याच होत्या. घाबरून आलेला राग होता तो.

"इतकी वर्षं येताय आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत? पाण्यात काही झालं असतं म्हणजे? मी उथळ बाजूला शिकवत बसले असते आणि तुम्ही तिकडं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आईंना बोलवून घ्या आधी गावाहून."

"आई गेली," मी म्हटलं.

"हो, सांगितलंत मघाशी. येणार कधी?"

"गेली, कुंदाताई. वारली."

कुंदाताई तशाच, त्या ओल्या फरशीवर, माझ्यासमोर खाली बसल्या. पण जाताना म्हणाल्या, "राग माना हवं तर. डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय मी तुम्हाला पाण्यात सोडणार नाही." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

डॉक्टर निगड्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुई कुठं टोचली होती, विचारलं. मांडीत, मी म्हटलं. "पोहायच्या दिवशी मांडीत नको, पोटात घ्या. पाय हलले की औषध भराभर चढतं. त्या दिवशी मात्राही थोडी कमी करू, किती ते मी सांगतो. आणि खाल्ल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता काठावर कोण बसणार?"

मी कुंदाताईंना हव्या असलेल्या कागदाचं विचारलं.

"कागद देतो मी. पण ज्या कुणाला सोबत नेणार त्यांना एकदा घेऊन या. साखर उतरली की तुम्हाला स्वतःला कळेल, यावर मी भरवसा ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका."

घेऊन या. किती साधी गोष्ट. मी घरी येऊन खुर्चीत बसले आणि माझ्या ओळखीची माणसं आठवायला लागले. मावशी इचलकरंजीला. तिचे गुडघे गेलेले. ऑफिसातल्या बायका माझ्याशी चांगल्या वागायच्या, पण डबा खाताना मी कोपऱ्यात बसायचे, त्यामुळं मी शिष्ट आहे असं त्यांना वाटायचं. घरमालकीण वर राहायची. तिला मी भाडं आणि दिवाळीचा फराळ याखेरीज कधी काही दिलं नव्हतं. मला कुणी टाळलं नव्हतं. कुणी जवळ आलं तर डबा दिसेल, सुई दिसेल, म्हणून मीच कुणाला येऊ दिलं नव्हतं. आई होती तोवर हे कधी जाणवलं नाही. एका माणसात सगळं गाव होतं. ते गेलं आणि मग दिसलं की बाकी कुणीच नाही.

मी पोहायला जाणं सोडलं. ऑफिसातून घर, घरातून ऑफिस. संध्याकाळी दिवा लावायचं विसरायला व्हायचं आणि अंधारात बसून राहिल्यावर लक्षात यायचं. लघवी औषधात उकळून तपासायचे तर रंग रोज विटकरी यायचा. साखर वाढत चालली होती. पुन्हा खाली उतरेल या धास्तीनं मी जास्त खात होते आणि हालचाल करत नव्हते. आरशात चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. असंच चालू ठेवलं तर काय होईल ते मला माहीत होतं. डोळे, पाय, मूत्रपिंडं. ते माहीत असून मी बरेच दिवस तशीच बसून काढले.

मग एका रविवारी शमीमचं घर शोधत गेले. पत्ता नव्हता. मुजावर एवढंच माहीत होतं आणि नवरा शाळेत शिक्षक आहे हे. दोन गल्ल्या चुकून तिसऱ्यात सापडलं. तिनं दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. चहा टाकायला गेली आणि दारात थांबून म्हणाली, "साखर घालू की नको?"

"नको," मी म्हटलं. आणि मग, ती अजून उभी होती तेवढ्यात, मी तिला सगळं सांगितलं. कधी साखर चालत नाही आणि कधी साखरेवाचून जीव जातो. आई काठावर का बसायची. डॉक्टर काय म्हणाले. मी तिच्याकडे का आले.

शमीम चहा न टाकताच परत येऊन माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात, बाजी. मी अजून नळी सोडत नाही. तुम्ही मधे बुडायला लागलात तर मी काय करणार? मला पोहता येत नाही."

"आईलाही येत नव्हतं," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं. इतकी वर्षं ती खोल पाण्याच्या काठाशी बसली होती आणि तिला पोहता येत नव्हतं. मी बुडाले असते तर तिला नुसतं ओरडता आलं असतं. तरी ती रोज येत होती आणि तिच्या भरवशावर मी पाण्यात जात होते.

शमीमनं ओढणी सारखी केली. "कधी जायचं डॉक्टरांकडे?" तिनं विचारलं.

पुढं चार वर्षं ती माझ्यासोबत येत राहिली. पोहायला ती शेवटपर्यंत शिकली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून माझ्यावर नजर ठेवायची आणि मधेच हात वर करून मला थांबवायची. मग तिच्या नवऱ्याची उस्मानाबादला बदली झाली. ती गेल्यावर मला पुन्हा अनोळखी बायकांना सांगावं लागलं, आणि मी सांगितलं. पाटणकर वहिनींना तर खुर्चीत बसवून समजावलं. प्रत्येक वेळी तोंड कोरडं पडायचं. अजून पडतं. पण साठी उलटली, मी पोहते आहे, डोळे आणि पाय शाबूत आहेत.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी आम्ही दोघी निगड्यांच्या दवाखान्यात गेलो. शमीम बुरख्याच्या बाह्या मागं सारून शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं: आधी खाल्लंय का विचारा, मधे थांबवा, चिडल्या तर समजा साखर उतरलीय, शुद्धीवर असतील तर साखर द्या. "आणि शुद्धीवर नसल्या तर?" शमीमनं विचारलं. "तर तोंडात काही घालू नका, मला बोलवा," डॉक्टर म्हणाले. तिनं तेच वाक्य पुटपुटत दोनदा म्हटलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली.

बाहेर आलो. तिला बाजारातून जायचं होतं, मला ऑफिसला. कोपऱ्यावर दोघी थांबलो. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, त्या जाईपर्यंत पलीकडं जाता येत नव्हतं.

"तुमच्या आईंना मी रोज बघायची," शमीम म्हणाली. "मला वाटायचं, माझीपण कुणी अशी बसायला हवी होती, म्हणजे मी नळी सोडली असती. नाव काय होतं त्यांचं?"

आई गेल्यापासून लोकांनी मला बरंच काही विचारलं होतं. वय किती होतं, काय झालं होतं, आता तू एकटी कशी राहणार. नाव कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना विचारायची गरज नव्हती, आणि बाकीच्यांना ती पोतदारबाईंची आई होती.

"द्वारका," मी म्हटलं.

"द्वारका," शमीमनं म्हणून बघितलं.

गाड्या निघून गेल्या. रस्ता मोकळा झाला. मला मात्र डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं काही दिसेना, आणि शमीम माझं कोपर धरून तिथंच उभी राहिली.